पिशवी काढली, पण तपासायला पाठवली का? बायकांचे दुर्मिळ कॅन्सर आणि निदान (नागपूर)

पॅराफिन | सोमवार, रात्री ९:२०

मी धंतोलीतल्या एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये निघालेली गाठ, गर्भपिशवी, बीजकोश, क्युरेटिंगचं म्हणजे पिशवीचं अस्तर खरवडून काढलेलं मटेरियल, सगळं आधी आमच्या टेबलावर येतं आणि मग पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या मायक्रोस्कोपखाली जातं. बायकांच्या कॅन्सरबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते स्तन आणि गर्भाशयमुखापुरतं. बाकीच्यांचं नावही घरच्यांनी ऐकलेलं नसतं. सगळ्या विदर्भातून, शिवाय छिंदवाडा, बालाघाट, शिवनीकडूनही पेशंट नागपुरातच येतात. म्हणून इथे माहिती जमा व्हावी असं वाटलं.

दुर्मिळ कशाला म्हणायचं? युरोपात वर्षाला एक लाख लोकांमागे ६ पेक्षा कमी नवे रुग्ण असा हिशेब धरतात. योनीचा कॅन्सर, बाहेरच्या भागाचा म्हणजे व्हल्व्हाचा कॅन्सर, गर्भाशयाच्या स्नायूचा सार्कोमा, बीजकोशातल्या जर्म सेल आणि ग्रॅन्युलोसा सेल गाठी, वारेच्या पेशींपासून होणारा कोरिओकार्सिनोमा, हे सगळे त्यातले. एकेक धरला तर क्वचित दिसणारा. पण प्रकार इतके आहेत की सगळे मिळून थोडे राहत नाहीत.

आता माझा मुद्दा. यातल्या बहुतेकांचं नाव सोनोग्राफीत कळत नाही, नुसत्या रक्तातही कळत नाही. ते काढलेल्या तुकड्यावरूनच कळतं. आणि तरीही ‘साधी फायब्रॉइडची (स्नायूच्या साध्या गाठीची) पिशवी होती’ म्हणून ती तपासायलाच न पाठवलेली असते. पिशवी ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवतात, नातेवाईक मान डोलावतात, आणि पुढे ती गेली कुठे हे कोणी विचारत नाही. काही महिन्यांनी त्रास उलटतो आणि बाई फाइल घेऊन नागपूरला येते. फाइलमध्ये ऑपरेशनचं बिल असतं, डिस्चार्ज कार्ड असतं, बायोप्सीचा रिपोर्ट नसतो. हे फार जिवावर येतं हो, कारण त्या एका कागदावर पुढचं सगळं ठरणार असतं.

बऱ्याच ठिकाणी बरणी नातेवाइकांच्याच हाती देतात, लॅबमध्ये नेऊन द्या म्हणतात. त्या बरणीत फॉर्मेलिन, म्हणजे अवयव टिकवून ठेवणारं द्रावण, हवं. साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये आणलेला अवयव आतून खराब होत जातो. फॉर्मेलिन मांसात तासाला साधारण एक मिलिमीटर शिरतं. म्हणजे मोठी पिशवी आज ऑपरेशन, परवा लॅब अशी आली तर बाहेरून टणक आणि आतून गळलेली असते. जिथे बघायचं तीच जागा हातची जाते. त्याच दिवशी आणून दिली की आम्ही ती चिरून नव्या फॉर्मेलिनमध्ये ठेवतो. मग मॅडम डोळ्यांनी पाहून, मोजून, संशयाच्या जागांचे तुकडे घेतात. ते तुकडे मेणात घालून ब्लॉक तयार होतो, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप मी काढते, काप कोमट पाण्यावर तरंगतो, तिथून काचेवर उचलायचा आणि रंगवायचा. दुर्मिळ प्रकार असेल तर एवढ्यावर भागत नाही, त्याच ब्लॉकवर आयएचसी म्हणजे विशिष्ट प्रथिनांच्या रंगतपासण्या लावाव्या लागतात.

ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमरचं सांगते, कारण तो मला नेहमी अस्वस्थ करतो. ही गाठ इस्ट्रोजेन तयार करते. पाळी जाऊन काही वर्षं झालेल्या बाईला पुन्हा अंगावरून लाल जायला लागतं. क्युरेटिंग होतं, रिपोर्ट येतो की अस्तर जाड झालंय. अस्तर जाड का झालं याचं उत्तर शेजारच्या बीजकोशात असतं, आणि तिकडे कोणी नीट पाहिलेलं नसतं. लहान मुलीत हाच प्रकार झाला तर वयाआधी पाळी येते, छाती भरते. स्लाइडवर त्याची केंद्रकं कॉफीच्या बीसारखी मधोमध खाच असलेली दिसतात, एकदा पाहिली की विसरत नाहीत. मोठ्या बायकांतल्या या गाठींत फॉक्सएल२ नावाच्या जनुकात एकच ठराविक बदल जवळजवळ नेहमी सापडतो, हे २००९ मध्ये कळलं. रक्तात इनहिबिन बी आणि एएमएच ही हार्मोन्स पाहतात. आणि ही गाठ वीस वर्षांनीसुद्धा परत येऊ शकते. म्हणून ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ असं या पेशंटने कधी धरू नये.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा. हॉस्पिटलचं, डॉक्टरचं नाव घेऊन तक्रार नको, आजाराचं आणि निदानाचं लिहा.

वैनगंगा | सोमवार, रात्री १०:४५

माझ्या जाऊबाईंचं अगदी हेच झालं. वय ४७. फायब्रॉइड म्हणून दुर्बिणीने ऑपरेशन, आत तुकडे करून बाहेर काढलं. तपासायला काहीच पाठवलं नव्हतं. वर्षाच्या आत ओटीपोटात पुन्हा गाठ, आणि नागपूरला सीटी केला तर फुप्फुसात ठिपके. बायोप्सीत लिओमायोसार्कोमा, म्हणजे वर लिहिलेला गर्भाशयाच्या स्नायूचा सार्कोमा, आलं. मोठे भासरे मला रोज फोन करून विचारतात, आधी कळलं असतं का? मला उत्तर देता येत नाही. कोणी खरं खरं सांगेल का? धीर द्यायला म्हणून नको.

निर्मला_स्त्रीरोग | मंगळवार, सकाळी ६:५०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं नागपुरात प्रॅक्टिस केली. वैनगंगा, खरंच सांगते.

ऑपरेशनआधी कळणं अवघड असतं. सार्कोमा स्नायूत असतो आणि क्युरेटिंगमध्ये अस्तर येतं, म्हणून क्युरेटिंग निर्मळ येऊनही सार्कोमा असू शकतो. सोनोग्राफीत तो फायब्रॉइडसारखाच दिसतो. एमआरआयमध्ये संशय येऊ शकतो, रक्तातलं एलडीएच वाढलेलं असू शकतं, पण दोन्हीपैकी कशावरही छातीठोकपणे सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र प्रत्येक बाईने लक्षात ठेवावी. पाळी गेल्यावर फायब्रॉइड आकसतो. पाळी गेल्यावर, हार्मोनची गोळी चालू नसताना जो वाढतो, त्याला फायब्रॉइड म्हणून सोडून देऊ नये.

आत तुकडे करण्याबद्दल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये याच कारणासाठी इशारा दिला. फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या साधारण ३५० बायकांमागे एकीत लपलेला सार्कोमा असतो असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता. पात्याच्या यंत्राने पोटात तुकडे केले की त्या पेशी पोटभर सांडतात. पुढे बंद पिशवीत तुकडे करायची पद्धत आली, आणि पन्नाशीच्या पुढच्या किंवा संशय असलेल्या बाईत हे यंत्र नकोच असं सांगितलं जातं.

तेव्हा भासऱ्यांना सांगा: ऑपरेशनआधी बहुधा कळलं नसतं. ऑपरेशननंतर आठवड्या-दोन आठवड्यांत कळलं असतं, तुकडे तपासले असते तर. मायक्रोस्कोपखाली तीन गोष्टी पाहतात. पेशी किती विचित्र आहेत, मोठ्या भिंगाखालच्या दहा फील्डमध्ये विभागणाऱ्या पेशी किती (दहा किंवा जास्त म्हणजे धोका), आणि गाठीत पेशी आपोआप मेल्याचे पट्टे आहेत का. तीनपैकी दोन असल्या की निदान होतं.

आत्ता करायचं ते हे. पहिल्या हॉस्पिटलकडून ऑपरेशनची टिपणं लेखी अर्ज देऊन घ्या. थोडंफार काही कुठल्या लॅबला गेलं होतं का तेही विचारा, कधीकधी गेलेलं असतं आणि रिपोर्ट आणायला कोणी गेलेलं नसतं. आणि आत्ताच्या बायोप्सीचा ब्लॉक दुसऱ्या, कॅन्सरच्याच पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्या. सार्कोमात प्रकार बदलला की औषध बदलतं.

वैनगंगा | मंगळवार, सकाळी ८:०५

वाचलं. भासऱ्यांना हेच वाचून दाखवते. अर्ज उद्याच देतो.

विठ्ठल_कामठी | मंगळवार, दुपारी १:३०

माफ करा, पण आमच्याकडे अनुभव वेगळा आहे. सुई लावली, तुकडा काढला, की कॅन्सर भडकतो. माझ्या मामींना बायोप्सी केली आणि त्या चार महिन्यांत गेल्या. तुम्ही सगळे तुकडा काढा, तुकडा तपासा म्हणता. ज्याच्या घरचं माणूस जातं त्यालाच कळतं.

निर्मला_स्त्रीरोग | मंगळवार, रात्री ९:१०

विठ्ठलभाऊ, मामींचं ऐकून वाईट वाटलं. तुमचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, कारण त्यात एक खरा भाग आहे.

बहुतेक ठिकाणी बायोप्सीने आजार पसरत नाही. गर्भाशयमुख, योनी, बाहेरची त्वचा, अस्तर, या सगळ्यांचा तुकडा बिनधास्त घ्यायचा असतो, त्याशिवाय उपचार सुरूच होत नाहीत. बायोप्सीनंतर लवकर गेलेल्या माणसाचा आजार बहुधा बायोप्सीच्या वेळीच पुढे गेलेला असतो. उशिरा आलेल्याची बायोप्सीही उशिराच होते, आणि घरच्यांना तीच शेवटची मोठी घटना म्हणून लक्षात राहते.

पण दोन ठिकाणी आम्ही मुद्दाम हात आवरतो. एक, बीजकोशाची गाठ, जी अजून आपल्या कवचात बंद आहे. तिच्यात बाहेरून सुई घालून पाणी काढायचं नाही. आतला द्राव पोटात सांडला तर आजाराची स्टेज बदलते. पहिल्या स्टेजचा ए प्रकार असतो तो सी होतो, आणि ज्या बाईला फक्त ऑपरेशनवर भागलं असतं तिला केमो घ्यावी लागू शकते. अशी गाठ अख्खी, न फोडता काढायची आणि मग तपासायची. दुसरं ठिकाण म्हणजे कोरिओकार्सिनोमा. त्याच्या गाठींना रक्तपुरवठा इतका असतो की तुकडा घेताना रक्तस्राव आवरत नाही. तिथे बीटा एचसीजी या रक्तातल्या आकड्यावर निदान करतात. बायकांच्या घन म्हणजे गाठीच्या रूपातल्या कॅन्सरांमध्ये तुकड्याशिवाय उपचार सुरू करता येतो असा हा जवळपास एकटाच.

म्हणजे ‘सुई लावायची का’ या प्रश्नाचं उत्तर गाठ कुठे आहे त्यावर आहे. हे डॉक्टरला विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

अजनी_४४ | मंगळवार, रात्री ११:२५

डॉक्टर, तुम्ही लिहिलेलं पहिलं ठिकाण आमच्या घरात घडता घडता राहिलं. बहीण १९ वर्षांची. पोट फुगायला लागलं, कॉलेजात मुली काहीबाही बोलायला लागल्या, आईने तर आधी वेगळीच शंका घेतली. सोनोग्राफीत उजव्या बीजकोशात १४ सेंटीमीटरची गाठ. जिथे पहिल्यांदा दाखवलं तिथे सुईने तपासू म्हणाले. माझा मित्र मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजात) रेसिडेंट डॉक्टर आहे, त्याला रिपोर्ट पाठवला. तो म्हणाला, सुई नको, आधी तीन रक्ततपासण्या कर: एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. एलडीएच खूप वाढलेलं निघालं, बाकी दोन ठीक.

कॅन्सर सर्जनने फक्त ती एक बाजू काढली, अख्खी. पिशवी आणि दुसरा बीजकोश ठेवला. बायोप्सीत डिसजर्मिनोमा (जर्म सेल गाठीचा एक प्रकार), पहिली स्टेज. केमो लागली नाही, ठरलेल्या तारखांना रक्त आणि स्कॅन चालू आहे. पाळी नियमित आहे. आईला रोज एकच काळजी, लग्नाचं कसं. कोणाला सांगावं की नाही.

निर्मला_स्त्रीरोग | बुधवार, सकाळी ७:००

तुमच्या मित्राला शाबासकी सांगा. वीसच्या आतबाहेरच्या मुलीत बीजकोशाची घट्ट गाठ दिसली की जर्म सेल ट्यूमर डोक्यात यायलाच हवा. या वयात फक्त सीए-१२५ (बीजकोशाच्या कॅन्सरसाठी नेहमी करतात ती रक्ततपासणी) करून थांबणं चूक आहे. एलडीएच डिसजर्मिनोमात वाढतं, एएफपी योक सॅक ट्यूमरमध्ये, एचसीजी कोरिओकार्सिनोमात. मिश्र गाठीत दोन-तीन एकत्र वाढतात. हे आकडे ऑपरेशनआधीच घ्यायचे, म्हणजे नंतर ते उतरतात की नाही हे मोजता येतं.

हे कॅन्सर केमोला फार चांगला प्रतिसाद देतात. आजार पुढे गेलेला असला तरी मूल होण्याची क्षमता राखूनच ऑपरेशन करायचा प्रयत्न असतो, म्हणून मुलीची पिशवी आणि दोन्ही बीजकोश घाईने काढायला कोणी सांगितलं तर दुसरं मत घ्याच. आईंना सांगा, अशा उपचारानंतर मुली आई झालेल्या आहेत. लग्नाआधी कोणाला काय सांगायचं हे मुलीने ठरवायचं. ती १९ वर्षांची आहे, तिला विचारा.

आशाताई_हिंगणा | बुधवार, दुपारी ३:४०

मी आशा सेविका आहे. द्राक्षगर्भाचं लिहा ना कोणी, आमच्या भागात दोन बायांना झाला. पिशवी साफ केली की बाई म्हणते झालं, आता कशाला जायचं परत, मजुरी बुडते. मी मागे लागून लागून थकते. नवऱ्यांना पटवायला मला नीट कारण पाहिजे.

निर्मला_स्त्रीरोग | बुधवार, रात्री ८:३०

आशाताई, तुमच्यामुळे बायका वाचतात, हे आधी सांगते.

कारण असं. द्राक्षगर्भात गर्भ नीट तयार होत नाही, वारेच्या पेशीच फुगत जातात. पूर्ण द्राक्षगर्भ असेल तर साफ केल्यानंतरही साधारण शंभरातल्या १५ ते २० बायकांत त्या पेशी मागे राहून वाढतात. त्यातल्या काही कोरिओकार्सिनोमा होतात. बाईला सुरुवातीला काहीच जाणवत नाही, पण बीटा एचसीजी सांगतं. म्हणून साफ केल्यावर दर आठवड्याला हा आकडा पाहायचा, नॉर्मल येईपर्यंत, आणि त्यानंतरही डॉक्टर सांगतील तितके महिने. तीन आठवड्यांतले चार आकडे जागचे हलले नाहीत, किंवा दोन आठवड्यांत तीनदा घेतलेला आकडा चढतच गेला, तर आजार आहे असं धरून उपचार सुरू करतात. या काळात गरोदर राहायचं नाही, कारण गरोदरपणातही हाच आकडा चढतो आणि मग कोणता कशाचा ते कळत नाही. साफ केलेलं मटेरियलही तपासायला गेलंच पाहिजे, द्राक्षगर्भ पूर्ण की अर्धवट ते त्यावरून ठरतं.

नवऱ्यांना सांगायचं ते असं: वेळेत सापडला तर हा कॅन्सर जवळजवळ नेहमी बरा होतो, फुप्फुसात गेलेला असला तरी. १९५६ मध्ये अमेरिकेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेट देऊन बायका बऱ्या केल्या. केमोने बरा झालेला हा पहिला घन कॅन्सर. आजही कमी धोक्याच्या गटात, म्हणजे फिगो या जागतिक स्त्रीरोगतज्ज्ञ संघटनेच्या गुणांकनात ६ पर्यंत गुण असतील तर, बहुतेकींचं एकाच औषधावर भागतं. आकडे न पाहता घरी बसली तर तीच बाई खोकल्यातून रक्त पडतं म्हणून टीबीच्या रांगेत उभी राहते.

आणखी एक. हा आजार साध्या बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतरही क्वचित होतो. बाळंतपणाला महिने उलटले आणि रक्त थांबत नाही, किंवा तरुण बाईच्या छातीच्या एक्स-रेत गोल ठिपके आहेत, तर गरोदरपणाची लघवीची तपासणी करून बघा. तुमच्या पिशवीत ते किट असतंच.

आशाताई_हिंगणा | बुधवार, रात्री ९:१५

असतं. उद्या बैठकीत सगळ्याजणींना सांगते.

प्रतापनगरची_काकू | गुरुवार, सकाळी ११:००

सुनेने टाइप करून दिलं आहे, बोलणं माझं आहे. वय ६८. मला खाली खाज यायची, वर्षानुवर्षं. कोणाला सांगू? मेडिकल स्टोअरमधून मलम आणून लावून राहिली होती मी. कोणी म्हणे शुगरची खाज, कोणी म्हणे बुरशी. कातडी पांढरी पडली, पातळ झाली, मग एका जागी भेग पडली ती भरेच ना. तेव्हा सुनेला सांगितलं. तिने त्याच दिवशी नेलं. त्या डॉक्टरीणबाईंनी सुन्न करून पेन्सिलीच्या टोकाएवढा तुकडा काढला, पाच मिनिटं नाही लागली. कॅन्सर निघाला, पण लहान. ऑपरेशन झालं, जांघेतली पहिली गाठ काढून पाहिली, ती निर्मळ निघाली. मी आज बरी आहे. बायांनो, खाज असेल तर लाजू नका, घरात एका तरी बाईला सांगा.

पॅराफिन | गुरुवार, दुपारी २:१५

काकू, तुम्ही लिहिलंत, याचं मोल मोठं आहे.

इथे थोडी भर घालते. काकूंची पांढरी, पातळ कातडी म्हणजे बहुधा लायकेन स्क्लेरोसस. तो कॅन्सर नाही, पण वर्षानुवर्षं उपचाराविना राहिला तर थोड्या बायकांत त्यावर कॅन्सर होतो. व्हल्व्हाच्या कॅन्सरच्या दोन वाटा आहेत. म्हाताऱ्या बायकांत अशी जुनी त्वचा, आणि त्यामानाने तरुण बायकांत एचपीव्ही विषाणू, बहुतेकदा १६ नंबरचा. कोणती वाट ते आम्ही पी१६ आणि पी५३ या रंगांवरून पाहतो. मलम लावूनही भेग भरत नाही, गाठ लागते, रंग बदलतो, तर तुकडा घ्यायलाच हवा. न बघता मलमावर मलम देणं थांबलं पाहिजे.

आणि पॅप टेस्ट नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. पॅप गर्भाशयमुखासाठी आहे. बीजकोश, नळी, बाहेरची त्वचा यांचं काही ती सांगत नाही.

नळीवरून आठवलं. गर्भनलिकेचा कॅन्सर पुस्तकात फार दुर्मिळ म्हणून असायचा. आता असं दिसतंय की बीजकोशाचा म्हणून ओळखला जाणारा हाय ग्रेड सिरस कॅन्सर बऱ्याचदा नळीच्या टोकाच्या झालरीत सुरू होतो. म्हणून बीआरसीए जनुकात वारशाने आलेला दोष असलेल्या बाईच्या नळ्या काढल्या की आमच्या मॅडम झालर उभी चिरून सगळीच्या सगळी ब्लॉकमध्ये घालायला लावतात. काम वाढतं, पण टाचणीच्या डोक्याहून लहान आजार असाच सापडतो.

मिहान_रहिवासी | गुरुवार, रात्री १०:३०

कृपया कोणी मार्गदर्शन करा. आई ५८ वर्षांची. पोटात पाणी, वजन घटलं, संध्याकाळी कणकण. सोनोग्राफीत दोन्ही बीजकोशांत गाठी, घट्ट भाग आहेत. सीए-१२५ आलं ३८०. एका ठिकाणी सांगितलं की शेवटची स्टेज आहे, बायोप्सीत वेळ घालवू नका, केमो सुरू करा. घरात रडारड चालू आहे.

निर्मला_स्त्रीरोग | गुरुवार, रात्री ११:१०

थांबा. आणि बायोप्सीशिवाय केमो सुरू करू देऊ नका.

सीए-१२५ नॉर्मल ३५ पर्यंत. धोक्याचं गणित असं मांडतात: सोनोग्राफीचे गुण गुणिले पाळीचे गुण गुणिले सीए-१२५. आईंची पाळी गेलेली धरली तर ३ गुणिले ३ गुणिले ३८०, म्हणजे ३४२०. २०० च्या वर गेलं की कॅन्सर सर्जनकडे पाठवायचं असतं, तेव्हा पाठवायला हवंच. पण हे गणित कोणाकडे जायचं तेवढंच सांगतं. निदान सांगत नाही. सीए-१२५ एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं, फायब्रॉइडमध्येही वाढू शकतं, आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही असं कारण म्हणजे पोटाचा टीबी. पाणी, गाठी, वजन घटणं, संध्याकाळचा ताप, शेकड्यांतलं सीए-१२५, सगळं टीबीत हुबेहूब असतं. पोट उघडल्यावर पोटाच्या अस्तरावर बारीक पांढरे दाणे दिसतात, तेही डोळ्यांनी कॅन्सरचेच वाटतात. फरक करतो तो तुकडा.

उद्या हे करा: पोटातलं पाणी काढून त्यात पेशी आणि एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) तपासायला द्या. एडीए साधारण ३९ च्या वर असेल तर टीबीचा संशय बळावतो. छातीचा एक्स-रे. आणि पोटाच्या पडद्याचा तुकडा, सोनोग्राफीखाली किंवा दुर्बिणीतून. मी वर बीजकोशाच्या बंद गाठीला सुई नको म्हटलं होतं, ते इथे लागू नाही, कारण आजार कॅन्सर असेल तर तो आधीच पोटात पसरलेला आहे.

टीबी निघेलच असं मी म्हणत नाही. पण आधी कळू द्या.

पॅराफिन | शुक्रवार, सकाळी ८:२०

पाणी देताना बरंच द्या, चमचाभर नको. लॅबला सेल ब्लॉक करा असं सांगा. पाण्यातल्या पेशी गोळा करून त्यांचा मेणाचा ब्लॉक होतो आणि त्यावर रंगतपासण्या करता येतात, नुसत्या स्मिअरवर ते जमत नाही. आणि दोन्ही बीजकोशांत गाठी असतील तर पोटाची एंडोस्कोपी विचारून घ्या. जठराचा कॅन्सर बीजकोशात उतरतो तेव्हा तो बहुतेकदा दोन्ही बाजूंना असतो, आणि घरचे, कधी डॉक्टरही, बीजकोशाचाच समजून बसतात. सीके७, सीके२०, डब्ल्यूटी१ अशा रंगांवरून मूळ कुठलं ते शोधता येतं.

ब्लॉकबद्दल सगळ्यांसाठी. दुसरं मत घ्यायचं तर नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही, स्लाइड आणि ब्लॉक लागतात. अर्ज द्या, सही करा, लॅब देते. रिपोर्टवरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर तिथेच जुळवून बघा. मानेवाडा रोडचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट), मेडिकल, एम्स, कुठेही दाखवा, ते आधी हेच मागतील. मुंबईला टाटाला पाठवायचं झालं तरी हेच. विदर्भ एक्सप्रेसने नेताना स्लाइड प्लास्टिकच्या स्लाइड बॉक्समध्ये, हातातल्या बॅगेत, सामानाखाली नाही. आणि ब्लॉक उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण साठ अंशांच्या आत वितळतं आणि नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडी तेवढी तापते. एका पेशंटचे ब्लॉक एकमेकांना चिकटून आले होते, नंबर वाचता येत नव्हते.

खर्चाचं कोणी विचारेलच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी भेटा, नंतर नाही.

मिहान_रहिवासी | शनिवार, संध्याकाळी ६:४५

पाणी काढलं. सेल ब्लॉक सांगितला. एडीए ७१ आलं. तुकडा सोमवारी घेणार आहेत. केमो थांबवली. आई आज दोन पोळ्या जेवली.

स्वाती_बुटीबोरी | रविवार, दुपारी १२:१०

धागा पूर्ण वाचला. उद्या माझ्या मोठ्या बहिणीचं ऑपरेशन आहे. डाव्या बीजकोशाची गाठ, डॉक्टर म्हणाले बहुतेक साधीच असावी. मी हॉस्पिटलात काय विचारू? घाबरून सगळं विसरते.

पॅराफिन | रविवार, दुपारी १:००

स्वाती, आज संध्याकाळीच डॉक्टरांना भेट. विचार, फ्रोझन सेक्शनची सोय आहे का. ऑपरेशन चालू असताना गाठीचा तुकडा गोठवून अर्ध्या तासात पॅथॉलॉजिस्ट सांगतात साधी की संशयाची, आणि त्यावर सर्जन किती काढायचं ते ठरवतात. मोठ्या गाठीत फ्रोझन चुकू शकतं, पक्का रिपोर्ट मेणाच्या ब्लॉकवरचाच धरायचा. गाठ अख्खी काढणार की फोडून, हेही विचार. दुर्बिणीतून असेल तर बंद पिशवीत घालून काढणार का, ते विचार.

तपासणीच्या फॉर्मवर बहिणीचं वय, शेवटची पाळी, हार्मोनची गोळी चालू असेल तर ती, आणि आधीचे रक्ताचे आकडे लिहून घे. फॉर्म कोरा आला की मॅडमना आधी फोनच करावा लागतो. बरणी तुझ्या हाती दिली तर झाकण घट्ट आहे का, नाव आणि ‘डावा’ लिहिलंय का आणि आत फॉर्मेलिन आहे का ते बघ, आणि थेट लॅब गाठ. वास उग्र असतो, डोळे चुरचुरतात, ऑटोत मांडीवर धरू नकोस, पायाशी उभी ठेव.